तैगा वनांतील वणवे आणि कीटक यांचा परस्परसंबंध

उत्तर गोलार्धातील सूचिपर्णी वनांत, म्हणजेच तैगा वनांत, वणवा आणि कीटक हे जंगलाचे स्वरूप बदलणारे दोन प्रमुख नैसर्गिक घटक आहेत. दोन्ही घटक मोठ्या क्षेत्रावरील झाडे मारतात, जुन्या जंगलाच्या जागी नवे जंगल वाढण्यास वाट करून देतात आणि जमिनीतील पोषकद्रव्यांचे चक्र चालू ठेवतात. त्यांचा एकमेकांवरही परिणाम होतो. वणव्यात होरपळलेली झाडे अनेक कीटकांना अन्न व आसरा देतात. उलट, कीटकांच्या उद्रेकामुळे मेलेली झाडे वणव्याचे इंधन बनू शकतात. हा परिणाम झाडांची जात, उद्रेकानंतर लोटलेला काळ, ऋतू आणि हवामान यांनुसार बदलतो. त्यामुळे कीटकांच्या प्रत्येक उद्रेकानंतर वणव्याचा धोका वाढतोच, असे सरसकट म्हणता येत नाही.

कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया आणि रशिया येथील वनव्यवस्थापनात या विषयाला मोठे महत्त्व आहे. जळालेले जंगल तोडावे की तसेच ठेवावे, वणवे किती प्रमाणात विझवावेत आणि उष्ण होत चाललेल्या हवामानात या वनांतील कार्बनचे काय होईल, हे प्रश्न या संबंधाच्या आकलनाशी जोडलेले आहेत.

पार्श्वभूमी

तैगा वने जगातील एकूण वनक्षेत्राच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापतात. त्यांत स्प्रूस, पाइन, फर आणि लार्च हे सूचिपर्णी वृक्ष, तसेच बर्च आणि अ‍ॅस्पेन हे रुंद पानांचे वृक्ष आढळतात. वृक्षांच्या जाती मोजक्या असल्याने एकाच जातीचे व जवळपास एकाच वयाचे वृक्ष सलग मोठ्या क्षेत्रावर उभे असतात. दीर्घ व कडक हिवाळ्यामुळे पालापाचोळा सावकाश कुजतो आणि जमिनीवर त्याचा जाड थर साचतो. सलग एकजिनसी वन आणि साचलेला पाचोळा या दोन गोष्टी वणव्याला आणि कीटकांच्या उद्रेकाला सारख्याच पोषक ठरतात.

एकाच ठिकाणी पुन्हा वणवा लागण्यामधील काळ प्रदेशानुसार काही दशकांपासून कित्येक शतकांपर्यंत असतो. उत्तर अमेरिकेतील तैगात ब्लॅक स्प्रूस व जॅक पाइन या वृक्षांच्या वनांमध्ये आग शेंड्यांपर्यंत चढते आणि बहुतेक झाडे मरतात. या वृक्षांचे बी शंकूंमध्ये साठून राहते. जॅक पाइनचे शंकू राळेने बंद असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळली की ते उघडतात आणि राखेने झाकलेल्या जमिनीवर बी पडते. युरोप व सायबेरियातील स्कॉट्स पाइन आणि लार्च यांच्या वनांमध्ये मात्र जमिनीलगत पसरणारे वणवे अधिक प्रमाणात लागतात. जाड सालीमुळे मोठी झाडे अशा वणव्यातून पुष्कळदा वाचतात. या फरकाचा परिणाम कीटकांवरही होतो. एका ठिकाणी मेलेल्या झाडांचे विस्तीर्ण क्षेत्र निर्माण होते, तर दुसऱ्या ठिकाणी जखमी पण जिवंत झाडे मागे राहतात.

या विषयाच्या दृष्टीने तैगातील कीटकांचे तीन गट महत्त्वाचे आहेत. पहिला गट पाने व कळ्या खाणाऱ्या अळ्यांचा असून त्यात स्प्रूस बडवर्म आणि सायबेरियन रेशीम पतंग यांचा समावेश होतो. दुसरा गट सालीखाली राहून झाडाच्या अन्नवाहक ऊती खाणाऱ्या साल-भुंगेऱ्यांचा आहे. तिसरा गट मृत किंवा मरणासन्न झाडांचे लाकूड पोखरणाऱ्या कीटकांचा आहे. पहिले दोन गट वणव्यासाठी इंधन निर्माण करू शकतात, तर तिसरा गट मुख्यतः वणव्यानंतर येतो.

वणव्याचे कीटकांवरील परिणाम

तात्काळ परिणाम

पाचोळ्यात, शेवाळात किंवा पातळ सालीखाली असलेली अंडी, अळ्या आणि कोष आगीत नष्ट होतात. जमिनीत खोल असलेले कीटक वाचण्याची शक्यता अधिक असते, कारण माती उष्णतेची मंद वाहक आहे. प्रौढ उडणारे कीटक आगीपासून दूर जाऊ शकतात. वणवा क्वचितच सर्वत्र सारखा जळतो. ओलसर खाचखळगे, दलदली आणि जळण्यातून सुटलेले जंगलाचे तुकडे यांत कीटक टिकून राहतात व तेथून जळीत क्षेत्रात पुन्हा पसरतात.

आग लावून उपद्रवी साल-भुंगेरे मारण्याची कल्पना वनव्यवस्थापनात वेळोवेळी मांडली गेली आहे. परंतु जमिनीलगतच्या सौम्य आगीची उष्णता जाड सालीच्या आत पुरेशी पोहोचत नाही आणि भुंगेरे वाचतात. साल पूर्ण जळेल इतकी तीव्र आग मात्र झाडासह सर्वच नष्ट करते.

जखमी झाडांची दुर्बलता

निरोगी सूचिपर्णी वृक्षाचे कीटकांविरुद्धचे मुख्य शस्त्र म्हणजे राळ. भुंगेऱ्याने साल पोखरताच राळेचा दाब त्याला बाहेर लोटतो किंवा त्यातच गाडून टाकतो. सालीखालील वाढीचा थर सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाला मरतो. वणव्यात हा थर अंशतः मेला किंवा पर्णसंभार होरपळला, की राळ तयार करण्याची क्षमता घटते. त्याच वेळी जखमी ऊतींमधून इथेनॉल आणि पाइनीन यांसारखी बाष्पनशील द्रव्ये हवेत मिसळतात. लाकूड पोखरणाऱ्या अनेक कीटकांसाठी हा दुर्बल झाडाचा माग असतो. त्यामुळे वणव्यातून जिवंत राहिलेली काही झाडे पुढील एक-दोन वर्षांत कीटकांच्या हल्ल्याने मरतात. त्यांच्या मृत्यूचे कारण केवळ आग किंवा केवळ कीटक असे वेगळे करून सांगणे कठीण असते.

अग्निप्रिय कीटक

जळत्या किंवा नुकत्याच जळालेल्या जंगलाकडे आकर्षित होणाऱ्या आणि तेथेच प्रजनन करणाऱ्या कीटकांना अग्निप्रिय कीटक म्हणतात. यांत भुंगेरे, चपटे ढेकूण आणि माश्या यांच्या काही जातींचा समावेश होतो.

काळा अग्निभुंगेरा

या गटातील सर्वाधिक अभ्यासलेला कीटक म्हणजे मेलॅनोफिला अ‍ॅक्युमिनाटा हा काळा अग्निभुंगेरा. तो सुमारे एक सेंटिमीटर लांब असून उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया या तिन्ही खंडांतील उत्तरेकडील वनांत आढळतो. आग अजून धुमसत असतानाच नर व मादी जळीत क्षेत्रात पोहोचतात, तेथे त्यांचे मीलन होते आणि मादी जळालेल्या झाडाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्यांच्या वाढीसाठी नुकतेच जळालेले झाड लागते. अशा झाडात राळेचा प्रतिकार संपलेला असतो आणि सुरुवातीच्या काळात स्पर्धक कीटकही कमी असतात.

या भुंगेऱ्याच्या वक्षाच्या दोन्ही बाजूंना, मधल्या पायांच्या बुंध्याजवळ, एकेक खड्डा असतो. प्रत्येक खड्ड्यात सुमारे ७० सूक्ष्म घुमटाकार संवेदके असून ती आगीतून निघणारे अवरक्त किरण टिपतात. विल्यम इव्हान्स यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे या अवयवांचे कार्य स्पष्ट केले. पुढे हेल्मुट श्मिट्झ आणि त्यांच्या जर्मनीतील सहकाऱ्यांनी या संवेदकांची रचना तपशीलवार अभ्यासली. अवरक्त किरण शोषल्यामुळे संवेदकाच्या आतील भाग किंचित प्रसरण पावतो आणि त्या यांत्रिक दाबाने चेतातंतू उद्दीपित होतो, असे या अभ्यासांतून दिसून आले. याशिवाय, भुंगेऱ्याच्या शृंगिका लाकडाच्या धुरातील ग्वायाकॉल वर्गातील द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही ओळखतात, हे १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले.

याच प्रजातीतील इतर भुंगेऱ्यांविषयीच्या काही नोंदी तैगाबाहेरील आहेत. कॅलिफोर्नियातील कोलिंगा येथे १९२५ मध्ये तेलसाठ्याला लागलेल्या आगीकडे हे भुंगेरे मोठ्या संख्येने आले होते, जरी परिसरात सूचिपर्णी वन नव्हते. कीटकशास्त्रज्ञ गॉर्टन लिन्स्ली यांनी १९४३ मध्ये केलेल्या नोंदीनुसार, बर्कली येथील क्रीडागारात फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळी हे भुंगेरे प्रेक्षकांवर येऊन बसत व चावत. प्रेक्षकांच्या सिगारेटींचा धूर त्यांना तेथे खेचून आणत असावा, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

सॉयर भुंगेरे

मोनोकॅमस या प्रजातीतील लांब शृंगिकांचे भुंगेरे सॉयर भुंगेरे म्हणून ओळखले जातात. कॅनडातील पांढऱ्या ठिपक्याचा सॉयर हा वणव्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात जळालेल्या स्प्रूस व पाइन वृक्षांवर अंडी घालतो. अळ्या प्रथम सालीखालील ऊती खातात व नंतर लाकडात खोल बोगदे करतात. त्यांच्या कुरतडण्याचा आवाज शांत जंगलात माणसालाही ऐकू येतो. वाढ पूर्ण होण्यास एक ते दोन वर्षे लागतात. झाड फार तीव्र जळाले आणि साल कोळसा झाली, तर अळ्यांना अन्न उरत नाही. त्यामुळे मध्यम प्रमाणात जळालेल्या, जाड खोडाच्या झाडांत त्यांची संख्या सर्वाधिक असते.

इतर कीटक व कवके

अ‍ॅरॅडस प्रजातीतील चपटे ढेकूण जळालेल्या सालीखाली वाढणाऱ्या कवकांच्या तंतूंतील रस शोषतात. मायक्रोसॅनिया प्रजातीतील लहान माश्यांचे थवे धुरातच उडताना दिसतात. त्यावरून त्यांना धूरमाश्या असे नाव पडले आहे. सेरिकोडा क्वाड्रिपंक्टाटा हा जमिनीवर शिकार करणारा भुंगेरा उत्तर युरोपात मुख्यतः ताज्या जळीत क्षेत्रांत सापडतो. स्टेफॅनोपॅकिस प्रजातीतील दोन भुंगेरे आगीने जखमी झालेल्या पाइनच्या सालीत वाढतात आणि युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशात त्यांना संरक्षण देण्यात आले आहे.

जळालेल्या बर्च वृक्षांवर डाल्डिनिया लोक्युलाटा हे काळे, गोलसर कवक वाढते. त्याचे बीजाणू जिवंत बर्च वृक्षात सुप्त राहू शकतात आणि झाड जळून मेल्यावरच कवकाची वाढ जोमाने सुरू होते. अनेक कीटक या कवकावर अवलंबून आहेत. काही कीटक त्याचे बीजाणू खातात व पसरवतात, तर काहींच्या अळ्या कवकाच्या आत वाढतात.

अन्नसाखळीतील स्थान

जळीत क्षेत्रातील अळ्यांच्या विपुलतेमुळे तेथे पक्षी जमतात. उत्तर अमेरिकेतील काळ्या पाठीचा सुतार पक्षी याचे प्रमुख उदाहरण आहे. त्याची काळी पाठ जळक्या खोडाच्या रंगात मिसळून जाते आणि लाकूड पोखरणाऱ्या अळ्या हे त्याचे मुख्य अन्न आहे. वणव्यानंतर काही वर्षे त्याची संख्या जळीत जंगलात वाढते व अळ्या कमी झाल्यावर पुन्हा घटते. त्याने खोडात कोरलेल्या ढोली पुढे इतर पक्षी व लहान सस्तन प्राणी वापरतात.

ऊन थेट जमिनीवर पडू लागल्याने फायरवीड यांसारख्या फुलझाडांची दाट वाढ होते व परागण करणाऱ्या कीटकांना अन्न मिळते. उघडी पडलेली माती जमिनीत घरटी करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांना उपयोगी ठरते. काही वर्षांत झुडपे व तरुण झाडे वाढून सावली परतते आणि हा कीटकसमुदाय बदलतो.

कीटकांच्या उद्रेकाचे वणव्यावरील परिणाम

इंधनातील बदल

कीटकांनी मारलेल्या जंगलात तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात सुईसारखी पाने वाळून तांबडी होतात, पण फांद्यांवरच असतात. त्यांतील ओलावा जिवंत पानांच्या तुलनेत फारच कमी असल्याने ती सहज पेटतात. दुसऱ्या टप्प्यात पाने गळून झाडे राखाडी, निष्पर्ण दिसू लागतात. शेंड्यांमधील बारीक इंधन कमी झाल्याने आग एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता घटते. मात्र वारा व ऊन जमिनीपर्यंत पोहोचून तेथील पाचोळा लवकर वाळतो. तिसऱ्या टप्प्यात खोडे मोडून पडतात, जमिनीवर जड इंधन साचते आणि त्यातून नवी झाडे वर येतात. ही तरुण झाडे आगीला जमिनीवरून वर चढण्यास शिडीसारखी उपयोगी पडतात. म्हणून वणव्याचा धोका उद्रेकानंतर किती वर्षांनी मोजला यावर निष्कर्ष अवलंबून राहतो.

स्प्रूस बडवर्म

स्प्रूस बडवर्म ही पूर्व कॅनडा व ईशान्य अमेरिकेतील एका लहान पतंगाची अळी आहे. नाव स्प्रूसचे असले तरी बाल्सम फर हे तिचे सर्वाधिक बळी पडणारे झाड आहे. अळी वसंत ऋतूत नव्या कळ्या व कोवळी पाने खाते. सलग चार-पाच वर्षे तीव्र पानगळ झाल्यास फर वृक्ष मरू लागतात. उद्रेक साधारणपणे ३० ते ४० वर्षांनी येतात. विसाव्या शतकात १९१०, १९४० आणि १९७० च्या सुमारास मोठे उद्रेक सुरू झाले. शेवटच्या उद्रेकाने १९७० च्या दशकाच्या मध्यात ५ कोटींहून अधिक हेक्टर वन व्यापले होते. क्वेबेकमध्ये २००६ च्या सुमारास नवा उद्रेक सुरू झाला.

कॅनडाच्या वनसेवेने ऑन्टॅरिओ प्रांतात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बडवर्मने मारलेल्या फर वनात प्रायोगिक आगी लावून त्यांची वर्तणूक मोजली. झाडे मेल्यानंतर सुमारे पाच ते आठ वर्षांनी, शेंडे मोडून व खोडे पडून जमिनीवर इंधन साचल्यावर, वणव्याची क्षमता सर्वाधिक असते असे त्यात आढळले. वसंतात, नवी हिरवी वाढ होण्यापूर्वी, लावलेल्या आगी अतिशय वेगाने पसरल्या. उन्हाळ्यात मात्र मोकळ्या झालेल्या जमिनीवर वाढलेल्या ओल्या वनस्पतींनी आग रोखून धरली. ऑन्टॅरिओतील प्रत्यक्ष वणव्यांच्या नोंदींच्या २००२ मधील विश्लेषणातही, झाडे मेल्यानंतर साधारण तीन ते नऊ वर्षांच्या काळात मोठ्या वणव्यांचे प्रमाण वाढते असे दिसून आले. प्रांताच्या कोरड्या पश्चिम भागात हा काळ अधिक लांब होता, कारण तेथे मृत लाकूड सावकाश कुजते.

पूर्वेकडील दमट प्रदेशात बडवर्म हा जंगल बदलणारा मुख्य घटक असतो, तर पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात वणवा मुख्य ठरतो. बाल्सम फरची साल पातळ असते आणि त्याचे शंकू आगीनंतर बी राखून ठेवत नाहीत. त्यामुळे वारंवार जळणाऱ्या जमिनीवर फर कमी असतो. दीर्घकाळ वणवा न लागल्यास फरचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर बडवर्मसाठीचे अन्नही वाढते.

माउंटन पाइन बीटल

माउंटन पाइन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा काळा साल-भुंगेरा आहे. गंधसंदेशांद्वारे हजारो भुंगेरे एकाच झाडावर एकवटतात व राळेचा प्रतिकार मोडून काढतात. ते आपल्याबरोबर आणत असलेली कवके लाकडाला निळसर डाग पाडतात व झाडातील पाण्याचे वहन बंद पाडतात. ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या उद्रेकात १ कोटी ८० लाख हेक्टरांहून अधिक वन बाधित झाले. सलग सौम्य हिवाळे हे त्याचे एक कारण होते, कारण हिवाळ्यात तापमान उणे ४० अंशांच्या आसपास उतरले तर अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. दुसरे कारण होते प्रौढ लॉजपोल पाइनचे सलग वन. अनेक दशके वणवे विझवल्यामुळे त्याचे प्रमाण वाढले होते. भुंगेऱ्यांनी पुढे रॉकी पर्वत ओलांडला आणि अल्बर्टात ते जॅक पाइन वृक्षांवर वाढत असल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. जॅक पाइन हा खंडाच्या पूर्वेकडे पसरलेल्या तैगाचा प्रमुख वृक्ष असल्याने या घटनेकडे गांभीर्याने पाहिले जाते.

या उद्रेकाचा वणव्याशी असलेला संबंध वादग्रस्त राहिला आहे. ब्रिटिश कोलंबियातील निरीक्षणांत, तांबड्या टप्प्यातील वनांमध्ये आग जिवंत वनापेक्षा अधिक वेगाने पसरल्याचे आढळले. पश्चिम अमेरिकेतील मोठ्या क्षेत्रावरील अभ्यासांत मात्र भुंगेराबाधित वनात जळालेले क्षेत्र विशेष वाढल्याचे दिसले नाही. काही ठिकाणी वणव्याची तीव्रता कमीही आढळली. या विसंगतीचे एक कारण म्हणजे अभ्यासांनी मोजलेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पेट घेण्याची शक्यता, पसरण्याचा वेग, जळालेले क्षेत्र आणि झाडांचा मृत्यू ही चार स्वतंत्र मापे असून एक वाढले म्हणजे दुसरे वाढतेच असे नाही. अतिशय कोरड्या व वादळी हवामानात जिवंत वनही तितक्याच सहजतेने जळते आणि मृत झाडांमुळे पडणारा फरक झाकला जातो. अग्निशमन दलांसाठी मात्र धोका निश्चितपणे वाढतो, कारण मृत झाडे अचानक कोसळतात आणि पडलेल्या खोडांमुळे मार्ग अडतात.

अलास्कातील स्प्रूस बीटल

अलास्कातील किनाई द्वीपकल्पावर आणि लगतच्या प्रदेशात १९९० च्या दशकात स्प्रूस बीटलने सुमारे १२ लाख हेक्टर वनातील स्प्रूस मारले. यानंतर प्रचंड वणवे लागतील अशी भीती व्यक्त झाली. किनाई येथील जमिनीतील कोळशाचे कालमापन व झाडांची वाढवलये यांच्या अभ्यासातून मात्र वेगळे चित्र पुढे आले. तेथे भुंगेऱ्यांचे उद्रेक सरासरी सुमारे ५० वर्षांनी होत आले आहेत, तर एकाच ठिकाणच्या दोन वणव्यांमधील काळ कित्येक शतकांचा आहे. याचा अर्थ भुंगेऱ्यांच्या बहुतेक उद्रेकांनंतर तेथे वणवा लागलेला नाही. मृत स्प्रूसखाली वाढणाऱ्या गवतामुळे वसंतातील आगींचा धोका मात्र नव्याने निर्माण झाला आहे, कारण बर्फ वितळल्यानंतर व नवी हिरवळ येण्यापूर्वी हे गवत वाळलेले असते.

सायबेरियन रेशीम पतंग

सायबेरियात या पतंगाचे सुरवंट फर, सायबेरियन पाइन आणि लार्च यांची पाने खातात. लार्च दरवर्षी पाने गाळून नवी धारण करत असल्याने एखाद-दुसऱ्या वर्षीची पानगळ सोसतो. फर व सायबेरियन पाइन मात्र लवकर मरतात. येनिसेई नदीच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या मध्यात आणि पुन्हा २०१४ नंतर मोठे उद्रेक झाले. दुसऱ्या उद्रेकात पतंग पूर्वीपेक्षा अधिक उत्तरेकडे आढळला. दुर्बल झालेल्या फर वृक्षांवर पुढे काळा फर-सॉयर हा भुंगेरा हल्ला करतो व मृत झाडांचे प्रमाण वाढवतो.

झाडे मेल्यावर जमिनीवर उंच गवत माजते. हे गवत दर वसंतात वाळते आणि उभ्या मृत झाडांखाली सहज पेटते. एकदा जळालेल्या जागी पुन्हा गवतच वाढते, ते पुन्हा जळते आणि सूचिपर्णी रोपांना मूळ धरण्यास संधी मिळत नाही. अशा रीतीने काही ठिकाणी वनाचे रूपांतर दीर्घकाळ टिकणाऱ्या गवताळ किंवा बर्चबहुल प्रदेशात झाले आहे. कीटक आणि वणवा यांनी एकमेकांना बळ देण्याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण मानले जाते.

मानवी हस्तक्षेप

वणवा व कीटक नियंत्रण

स्वीडन व फिनलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाला किंमत आल्यावर वणवे विझवण्याची व्यवस्था उभी राहिली आणि जळणारे क्षेत्र अत्यल्प झाले. त्यामुळे जळीत लाकडावर अवलंबून असलेले अनेक कीटक दुर्मिळ झाले आणि काही जातींची नोंद धोक्यातील जातींच्या लाल यादीत झाली. उत्तर अमेरिकेतील वस्तीनजीकच्या वनांमध्ये वणवे विझवल्याने काही ठिकाणी एकाच वयाचे, प्रौढ व कीटकांना बळी पडणारे वन वाढले.

कीटकनाशकांच्या बाबतीतही तसाच अनुभव आला. न्यू ब्रन्सविक प्रांतात १९५२ पासून बडवर्मवर विमानांतून डीडीटीची फवारणी करण्यात आली. फर वृक्ष वाचले, पण बडवर्मचे अन्नही वाचले आणि उद्रेक रेंगाळत राहिला. मिरामिची नदीतील सॅमन माशांची पिल्ले मोठ्या प्रमाणात मेली. परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या परिसंस्थांच्या लवचीकतेच्या सिद्धांतात बडवर्म व फर वन यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. उपद्रव काही काळ दाबून ठेवल्याने परिसंस्था स्थिर दिसते, परंतु पुढील मोठ्या आघाताला ती अधिक बळी पडू शकते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

जळीत लाकडाची तोड

वणव्यानंतर उभे असलेले लाकूड वाया जाऊ नये म्हणून ते तोडण्याची प्रथा आहे. सॉयर भुंगेऱ्यांचे बोगदे लाकडाची प्रत घटवतात, म्हणून ही तोड शक्यतो पहिल्या वर्षातच केली जाते. परंतु जी झाडे गिरणीला हवी असतात, तीच मध्यम जळालेली, जाड खोडाची झाडे कीटकांना आणि सुतार पक्ष्यांनाही हवी असतात. अंडी घातल्यानंतर तोडलेल्या झाडांबरोबर अळ्याही जंगलाबाहेर जातात. यावर उपाय म्हणून जळीत क्षेत्राचा काही भाग, त्यातील निरनिराळ्या तीव्रतेने जळालेल्या मोठ्या झाडांसह, न तोडता राखून ठेवण्याची शिफारस केली जाते. दुसऱ्या बाजूला, वनउद्योगावर जगणाऱ्या गावांसाठी वणव्यानंतरची तोड हे पुढील काही वर्षांचे उत्पन्न असते. त्यामुळे किती भाग राखावा हा प्रश्न केवळ जीवशास्त्रीय राहत नाही.

नियंत्रित जाळणी

उत्तर युरोपात जैवविविधतेसाठी मुद्दाम आगी लावल्या जातात. स्वीडनमध्ये वनप्रमाणीकरणाच्या नियमांनुसार मोठ्या वनमालकांना दरवर्षी काही क्षेत्र जाळावे लागते. युरोपीय संघाच्या साहाय्याने २०१५ ते २०१९ या काळात राबवलेल्या ‘लाइफ तैगा’ प्रकल्पात तेथील संरक्षित वनांमध्ये अशा आगी लावण्यात आल्या. २०१४ मध्ये स्वीडनमधील वेस्टमनलँड येथे सुमारे १३,००० हेक्टरांवर वणवा लागला. त्यातील मोठा भाग पुढे राखीव घोषित करण्यात आला आणि तेथे जळीत जंगलातील कीटक व कवके यांचा अभ्यास सुरू झाला. जाळण्याची जागा निवडताना जवळपास अग्निप्रिय कीटकांची मूळ संख्या शिल्लक आहे का, आगीनंतर पुरेशी झाडे उभी ठेवली आहेत का आणि काही वर्षांच्या अंतराने त्याच परिसरात नवी जळीत क्षेत्रे मिळत राहतील का, हे तीन मुद्दे विचारात घेतले जातात.

हवामान बदल आणि कार्बन

उत्तरेकडील प्रदेश जागतिक सरासरीपेक्षा अधिक वेगाने उष्ण होत आहे. उन्हाळ्याचा कोरडा काळ लांबल्याने वणव्यांचा हंगाम वाढतो. त्याच वेळी कीटकांची वाढ वेगाने होते. स्प्रूस बीटलला एक पिढी पूर्ण करण्यास थंड प्रदेशात साधारण दोन वर्षे लागतात. उष्ण उन्हाळ्यात ती एका वर्षात पूर्ण होऊ शकते. दुष्काळामुळे झाडांतील राळेचा दाबही घटतो. अशा प्रकारे एकच कोरडे व उष्ण वर्ष वणवा आणि कीटक या दोघांनाही अनुकूल ठरते. दोन्ही घटना एका पाठोपाठ घडल्या, तरी त्यांतील एक दुसरीचे कारण आहे की दोन्हींचे कारण हवामान आहे, हे तपासावे लागते.

तैगा वनांच्या झाडांत व विशेषतः जमिनीत कार्बनचा प्रचंड साठा आहे. माउंटन पाइन बीटलच्या उद्रेकामुळे २००० ते २०२० या काळात ब्रिटिश कोलंबियातील बाधित प्रदेशातून सुमारे २७ कोटी टन कार्बनचा परिणाम होईल आणि तेथील वन कार्बन शोषणाऱ्याऐवजी कार्बन सोडणारे बनेल, असा अंदाज २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. कीटकांनी मारलेल्या झाडांतील कार्बन कुजण्यातून अनेक दशकांत सावकाश बाहेर पडतो, तर वणव्यात त्यातील काही भाग काही तासांतच हवेत जातो. कॅनडात २०२३ मध्ये सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. नेहमीच्या वर्षाच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पट होते.

दोन वणव्यांमधील, किंवा कीटकांचा उद्रेक आणि वणवा यांमधील काळ फार कमी झाल्यास बी तयार होण्याएवढी झाडे मोठी होत नाहीत आणि पूर्वीचे वन परत येण्याची शक्यता घटते. अशा जागी अ‍ॅस्पेन व बर्च यांसारखे रुंद पानांचे वृक्ष वाढू शकतात. ते सूचिपर्णी वृक्षांइतके सहज पेटत नाहीत आणि स्प्रूस व पाइन यांवरील कीटकांचे अन्नही नाहीत. त्यामुळे जंगलाच्या घटनेत होणारे बदल पुढील काळातील वणवे व उद्रेक काही प्रमाणात मर्यादित करू शकतात.

हे सुद्धा पहा

तैगा
वणवा
साल-भुंगेरे
सूचिपर्णी वृक्ष
परिसंस्था
कार्बन चक्र
हवामान बदल